तिसऱ्या होदीच्या आत

३ नोव्हेंबर
आजही हाक आली! दिवेलागणीला, मागच्या दारी — होदी, होदी. माझ्या नवऱ्याचा, होझाचाच घोगरा आवाज. स्वतःच्या घरात येतानाही पाहुण्यासारखी बाहेरून होदी द्यायचा, मला चिडवायला. तिसऱ्या होदीलाही आतून उत्तर नाही आलं तर माणूस परत फिरतो. म्हणून आधीच म्हणाले, करिबू, ये ना. चुलीवरची उगाली तशीच टाकून दार उघडलं. बाहेर नुसती केळीची झाडं आणि धुकं.
त्याला जाऊन वर्ष होईल.

५ नोव्हेंबर
शेजारच्या कुपाझा आजीला सांगितलं. ती हसतच सुटली. "अगं पोरी, बेडूक तो! झाडावरचा. आमच्या वेळी अख्खा ओढा होदी द्यायचा. नव्या सुना करिबू म्हणत दारं उघडत बसायच्या."
मला हसू आलं नाही.

६ नोव्हेंबर
जंगलखात्याची सिकुजुआ आली होती. ओढ्याकाठचं रान चहासाठी तोडायचं ठरलंय. म्हणाली, होदी देणारा हा बेडूक जगात फक्त आमच्या उसंबारा डोंगरांत आणि जवळच्या आणखी थोड्या डोंगरांत. ओलं रान, वाहतं पाणी — ते गेलं की तोही गेला. धोक्यातल्या प्राण्यांत त्याचं नाव आहे. इथला तर संपला असंच सगळे धरून चाललेत. एक जरी सापडला तरी तोड थांबेल, पण नुसता ऐकलेला चालत नाही.
"ताई, तुम्ही ऐकलात कधी?"
नाही म्हणाले.
बेडूक असेल तर होझा नाही. एवढंच.

७ नोव्हेंबर
होदी. करिबू. कुणी नाही.

९ नोव्हेंबर
तोडायच्या झाडांवर लाल फुल्या मारून गेले. होझा ज्याच्या मुळांवर बसून विडी ओढायचा, त्याच्यावरही. बोटाला रंग लागला, ओलाच होता.
संध्याकाळी मीच ओढ्यावर गेले. हाकेच्या मागोमाग. पानावर बसला होता — हिरवा, अंगभर काळ्या अळ्यांसारखी नक्षी. ओंजळीत धरला. गार. केवढासा जीव, आणि आवाज त्याचा!
घरी येऊन खूप रडले. मग सिकुजुआला निरोप धाडला.

१० नोव्हेंबर
बेडूक बरणीत, ओल्या पानावर. सिकुजुआ उद्या येऊन फोटो काढणार, मग त्याला होता त्या जागी सोडायचं. रान वाचलं!
आजी बरणीत डोकावून म्हणाली, "हाच का गं तुझा नवरा? बारीक झालाय." या वेळी मीही हसले. आज घर शांत असेल.

त्याच दिवशी, दिवे लागल्यावर
बरणी समोर आहे. बेडूक गप्प.
मागच्या दारी होदी झाली. पुन्हा झाली.
तिसरीच्या आत म्हणाले — करिबू.