'धुरा' म्हणजे काय?

११ जून १९८४, दु. ३.१०. ब्रह्मपुरी.
नागपूरच्या निवासी शाळेच्या प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला. आमचं केंद्र एकाच खोलीचं. त्या अख्ख्या खोलीचा निकाल राखून ठेवला. कारण : सामूहिक नक्कल. पर्यवेक्षक मी होते! निवृत्त झाले आहे, आंधळी नाही.
वंदना अडकली. माझ्याच ओट्यावर शिकलेली पोर. नागपूर हुकलं की तिच्या आजीने स्थळ बघून ठेवलंय.

१२ जून
'पुरावा' कळला. प्रश्न : धुरा म्हणजे? चार पर्याय. त्यांचं उत्तर 'जबाबदारी'. आमच्या साऱ्या खोलीची खूण 'शेताचा बांध'वर. सगळ्यांची चूक एकच, म्हणजे पाहून लिहिलं, असं परीक्षेच्या साहेबांचं शास्त्र.
वंदना म्हणते, "बाई, धुऱ्याले धुरा नाई म्हनाव तं काय म्हनाव? रोज त्याच्यावरूनच तं येतो."
खुणांचा पेपर मला पसंत होता. आडनाव, अक्षर बघून गुण कापता येत नाहीत. पण कारण लिहायला एक ओळसुद्धा नाही? कॉन्व्हेंटात शिकताना आमचं अज्ञानसुद्धा पूर्ण वाक्यात असे.

१५ जून
चौकशी. मुलांना छापील कागद. (अ) मी पाहून लिहिले. (ब) मी दुसऱ्यास दाखवले. खूण करा.
तिसरं घरच नाही.
वंदनाचे वडील, एसटीत कंडक्टर, हळूच म्हणाले, "बाई, खूण करून देल्ली तं सोडून देते म्हन्ते."
"सोडत नाहीत भाऊ, धरतात."
त्यांनी कागद घडी करून खिशात.

१७ जून
एकाने (अ)वर खूण केली. आता त्याला विचारतात, कोणाचं पाहिलंस?
वंदना आली, बसली नाही. "माहं नाव सांगतलं म्हन्ते, बाई. मी हुशार आहो म्हून."

१९ जून
आज आली नाही. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, बापलेक सकाळीच साहेबांकडे गेले. तो कागद अजून कोरा असेल तर...
साहेबांना रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं, नक्कल इथे (ही मात्र खरी नक्कल) :
'प्रवेश २६ तारखेला बंद होतात. धुरा म्हणजे बांध हे उत्तर चूक कसे, आणि चूक नसेल तर मुलांनी कबूल काय करायचे, हे २५ जून, सायं. ५ पूर्वी लेखी कळवावे. पूर्ण वाक्यांत. खूण चालणार नाही.'