फाटक्या चटईतली राजकन्या

आई,
मी ठणठणीत आहे, पाय तेवढे दुखतात. तुझी कंबर कशी आहे?

राजकन्येने तिच्या आत्याच्या अंत्यविधीला कमरेभोवती जुनी, फाटकी चटई गुंडाळली, तो फोटो इथे ऑकलंडमध्ये सगळ्यांच्या फोनवर आहे. लॉन्ड्रीतली ब्रेंडा म्हणाली, "काय गं, तुमच्या टोंगाच्या राजवाड्यात धड कपडा मिळेना का हिला?" दुसरी म्हणाली, "फॅशन असेल बाई!" सगळ्या खिदळल्या. आत्यापुढे आपण लहान, म्हणून तिच्या दुःखात फाटकंच नेसायचं, हे कितीजणींना समजावू? कंटाळा आला. चादरींच्या घड्या घालत राहिले.

सेइनी आत्या गेली त्या दिवशीही मी इथे कडक इस्त्रीच्या गणवेशात घड्याच घालत होते. माझ्या वाटची फाटकी चटई ठेवली आहेस ना गं?

तुझी,
लोसालिने