गालावरची येरळा

आबा,

परवा सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका हॉलमध्ये, चाळीसेक बायकांसमोर, तोंडाला चमकणारी पावडर लावून मी उभा राहिलो. मी, तुमचा धाकटा, वय वर्षं बहात्तर. आणि कविता म्हटली. अख्खी, शेवटच्या ओळीपर्यंत. तुम्हाला जाऊन आता चाळीस वर्षं होत आली, तरी ही बातमी पहिल्यांदा तुम्हालाच सांगावी असं वाटलं, कारण ह्या तोंडाशी तुमचा जुना संबंध आहे.

तुम्हाला आठवत असेल-नसेल. मी चौथीत होतो, वडूजला शाळेचं संमेलन होतं, भर दुपारचं, आणि तुम्ही सुट्टीवर आला होता. आमच्या गुरुजींनी येरळेवर कविता केली होती आणि नदी व्हायला मला निवडलं होतं. उन्हाळ्यात आपली येरळा कसली नदी, नुसती वाळू. पण बाराच्या उन्हात ती वाळू अशी लकाकायची की लांबून पाणीच वाटावं. ती लकाकी तोंडावर यावी म्हणून गुरुजींनी शाळेच्या कपाटातला अभ्रकाचा तुकडा मला दिला. मी तो आईच्या खलबत्त्यात कुटला, पावडरीत मिसळला आणि गालांना, कपाळाला, नाकाला दाबून फासला. शाळेच्या फाटकात तुम्ही समोर आलात. मी दिमाखात तोंड वर केलं. तुम्ही फौजेतली पाण्याची बाटली काढलीत, हिरवा टॉवेल भिजवलात आणि माझं तोंड खसाखसा पुसलंत. “आमी हद्दीवर तोंडाला काळं फासून बसतो रं, चमकू न्हाई म्हणून,” तुम्ही म्हणालात. “चमकला त्यो पयला दिसतो. आन् दिसला त्यो जातो. ध्यानात ठेव.” आवाजात राग नव्हता, हे मला आता कळतं. तेव्हा नुसते गाल झोंबत होते. स्टेजवर गेलो, दोन कडवी म्हटली, तिसरं येईना. गुरुजी कडेला उभं राहून ओठ हलवत होते. मी खाली बघून उतरलो. नंतर बायकोला, पोराला, नातीला, ज्यानं विचारलं त्याला मी हेच सांगत आलो, की आबांनी तोंड पुसलं आणि त्याबरोबर कविताही पुसली गेली.

तुमचं मी ध्यानात ठेवलं, आबा, फार नीट ठेवलं. पलूसच्या हायस्कुलात लेखनिक म्हणून चिकटलो. दाखले लिहिले, हजेरीपटावर रेघा मारल्या. माझ्या टेबलामागच्या भिंतीपलीकडं पाचवीचा वर्ग भरायचा. मराठीच्या तासाला पोरं कविता म्हणू लागली की माझा टाक थांबायचा. भिंतीतून ऐकून ऐकून सगळ्या वर्गांच्या कविता मला पाठ झाल्या, पण त्या कुणाला म्हणून दाखवायचं काम पडलं नाही. संमेलनाला खुर्च्या मोजायला मी पुढं, आणि पडदा वर गेला की सगळ्यात मागं, खांबाआड. कुणाच्या नजरेत आलो नाही. सुखरूप निवृत्त झालो.

आता नातीची गोष्ट. नवरीचा मेकअप करायला शिकते ती, सांगलीला जाऊन-येऊन. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, तुमच्या वळणावर गेलाय. त्यानं जेवताना बजावलं होतं, “ह्या खेपेला परीक्षा निघाली नाही तर हे डबे-ब्रश माळ्यावर. बँकेच्या परीक्षेचा क्लास लावायचा, कळलं का?” मी पेपर वाचत होतो. म्हणजे तोंडापुढं धरून बसलो होतो.

परीक्षेत साठीच्या पुढचा एक चेहरा सजवून दाखवायचा होता. शेजारची एक आजी तयार झाली होती, पण आदल्या दिवशी सकाळीच तिची नात बाळंत झाली आणि ती कऱ्हाडला निघून गेली. आमची पोरगी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ब्रशांचा पुडा मांडीवर घेऊन बसली. स्वतःच्या आजीकडं, म्हणजे तुमच्या सुनेकडं, आशेनं बघितलं, तर तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हॉलचा जिना चढणार कशी? मी चहा पीत होतो. कप खाली ठेवला आणि म्हणालो, “माझा चेहरा चालंल का गं?” तुमची सून भाकरी तव्यावर टाकता टाकता थांबली. “आवं, ह्या वयात गौरीचा मुखवटा व्हायचाय व्हय तुमास्नी?” पोरगी मात्र हसली नाही. तिनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि म्हणाली, “तात्या, गालाचं हाड लय भारी आहे तुमचं.” हे हाड तुमचं, आबा. तेव्हा पहिल्यांदा मला त्याची किंमत कळली.

खिडकीपाशी पाटावर बसवून तिनं चपटी डबी उघडली. आत गुलाबीसर, सोनेरीसर भुकटी, तिला हायलायटर म्हणतात. ब्रश फिरला आणि मी आरशात बघितलं, तर कपाळावरच्या सगळ्या आठ्या लखलखत होत्या, जणू रानातल्या एकूणएक चारीला पाणी सोडलंय. “चुकलं,” पोरगी पुटपुटली. “सुरकुतीत गेलं सगळं.” तिनं ओला रुमाल घेतला आणि माझं तोंड पुसायला लागली. डोळे मिटले, आबा, आणि मी थेट वडूजच्या फाटकात उभा. तोच गार ओला स्पर्श, तेच झोंबणं. वाटलं, उठावं, पुरे झालं. पण ह्या वेळी पुसणारा हात घाबरलेला होता, आणि तो पुसत होता ते पुन्हा लावण्यासाठी. मी बसून राहिलो. दुसऱ्यांदा तिनं ब्रश बाजूला ठेवला, अनामिकेच्या टोकावर चिमूटभर घेतलं आणि फक्त गालाच्या उंचवट्यावर दाबत दाबत बसवलं. “जिथं ऊन पडतं तिथंच लावायचं, तात्या. खोलगटात नाही.” मी डबीच्या पाठीवरची बारीक अक्षरं भिंगातून वाचली. आत काय काय आहे त्या यादीत अभ्रक होतं. साठ वर्षांपूर्वी मी कुटलं होतं तेच.

परीक्षेला गेलो तर तिथं सगळ्या बायका. एक मुलगी तोंडावर हात धरून हसली. तपासणाऱ्या बाई चष्म्यावरून म्हणाल्या, “पुरुष?” आमची पोरगी ताठ उभी राहिली. “मॅडम, कागदावर साठीच्या पुढचा चेहरा लिहिलंय. ह्यांचा चेहरा बहात्तरचा आहे.” बाईंना हसू आलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मला घरी कुणी सांगितलं नव्हतं. चेहरा नुसता दाखवायचा नाही, उजेडात उभं राहून दोन मिनिटं बोलायचं. तोंड हलल्यावर मेकअप फाटतो का, सुरकुत्यांत उतरतो का, हे त्यांना बघायचं होतं. पोरगी पांढरी पडली. “तात्या, काहीही बोला. पाढे म्हणा.”

मी दिव्याखाली गेलो. समोर चाळीस चेहरे, आणि आडोशाला एकही खांब नाही. मी येरळेची कविता धरली. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याच्या तोंडाशी क्षणभर तुमचा टॉवेल दिसला. आणि मग ते आलं, भरल्या नदीसारखं:

पाणी आटले, आटू दे,
काठ फाटले, फाटू दे;
ऊन चमकते वाळूवरती,
ज्याला हवे त्या लुटू दे!

शेवटच्या ओळीला माझा हात आपोआप वर गेला. मघाशी हसलेली मुलगीच पहिल्यांदा ओरडली, “आजोबा, वन्स मोअर!” मी पुन्हा म्हटली. बाई जवळ आल्या, वितीवरून माझा गाल न्याहाळला, डावा, मग उजवा. “कुठंही फाटलं नाही,” त्या म्हणाल्या आणि पोरीकडं वळल्या. “देवाचं देणं आहे तुझ्या हाताला.” आमची पोरगी पहिली आली, आबा, सगळ्या वर्गात पहिली!

मुलगा गाडी घेऊन आला होता. दारात उभं राहून त्यानं शेवट ऐकला असावा. गाडीपाशी आल्यावर त्यानं खिशातून रुमाल काढला. “तात्या, तोंड पुसून घ्या. वाटेत लोकं बघतील.” पोरगी माझ्याकडं बघायला लागली. मी दार उघडून पुढच्या सीटवर बसलो आणि म्हणालो, “बघू देत की. त्यासाठीच लावलंय.” बहात्तर वर्षांत घरच्या कुणाला मी एवढं स्पष्ट बोललो नव्हतो. वाटेत चहाला थांबलो. टपरीवाला माझ्याकडं टकामका बघून म्हणाला, “काका, जावळाचं जेवण का लगीन? लय तेज आलंय तोंडावर.” मी काही बोलायच्या आत मुलगा म्हणाला, “माझ्या पोरीनं केलंय त्यांचं तोंड. परीक्षेत पहिली आलीया ती.” आणि तो रुमाल त्यानं सांडलेला चहा पुसायला वापरला. माळ्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? दाखल्यांच्या जुन्या फायलीत ठेवीन. पण बंद करायच्या आधी एक सांगायचं राहिलंय, आणि ते अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही. तिसरं कडवं तुम्ही पुसलं नव्हतंत, आबा. ते मला पाठच नव्हतं. गुरुजी सगळ्यांकडून पाठांतर करून घेत होते तेव्हा मी घरी खलबत्त्यापाशी बसून अभ्रक कुटत होतो. ते कडवं मी शिकलो दुसऱ्या दिवशी, एकट्यानं, येरळेच्या वाळूत बसून. आणि दोष मात्र तुमच्या टॉवेलवर टाकला.