मोजून पाठवलेल्या तारखा

३ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर लिहायला बसले की कुणीतरी पँटची कंबर सैल करून घ्यायला येतं. लोक बारीक होत नाहीत, म्हणून आपलं दुकान चाललंय.

विचारायचं ते सरळच विचारते. खारू कशी आहे? वसतिगृहातून रविवारी दहा मिनिटं फोन येतो, त्यातली सात मिनिटं ती माझ्या गुडघ्यांची चौकशी करते. सोळा वर्षांची मुलगी आईच्या गुडघ्यांबद्दल इतकं बोलायला लागली की समजावं, तिला स्वतःबद्दल बोलायचं नाहीये. तू त्याच आवारात बसतेस. खेळाडू मुलींचं मन जाणून घेणं हेच तुझं काम, मग भाचीनेच काय घोडं मारलंय? नात्यातल्या मुलीचं समुपदेशन करायचं नाही असा तुमचा नियम आहे, हे तू मला चार वेळा सांगितलं आहेस. पाचव्यांदा सांगू नकोस.

माझ्याकडून होतं ते मी करते. तिच्या पाळीची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर अजून मीच मांडते. अठ्ठावीस दिवस मोजते, गोल करते आणि तिला पत्रातून आधीच कळवते. गेल्या महिन्यात बारा, या महिन्यात नऊ. ती पडली विसराळू, आणि तुमच्याकडे वहीत लिहावं लागतं ना. परवा तिने मापं पाठवली, तेव्हा धावायच्या शॉर्ट्सची कंबर दोन इंच आत घेतली. प्रशिक्षक म्हणतात, अंगाने हलकी झाली तशी वेळही सुधारली. मी दुकानात सगळ्यांना सांगितलं.

तिचा चेहरा कसा दिसतो, एवढं तरी लिही. नुसतं बघायला नियम आड येत नसेल.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
ताई


११ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र एकदा हसत वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मात्र तारखांपाशी अडकले.

दर सोमवारी मुलींच्या वह्या माझ्या टेबलावर येतात. झोप, जेवण, दुखणंखुपणं, पाळी असं सगळं त्यात असतं. खारूची वही मी न उघडता आमच्या वरिष्ठ बाईंकडे सरकवते. या वेळी वहीबरोबर तुझं पत्रही दिलं. तुला न विचारता दिलं, त्याबद्दल हवं तेवढं रागाव. बाईंनी दोन्ही शेजारीशेजारी ठेवून पाहिलं आणि खारूला बोलावलं.

पुढचं तिला विचारूनच लिहितेय. फेब्रुवारीपासून तिला पाळी आलेली नाही. तू कळवायचीस त्या तारखा ती वहीत उतरवायची. बाकीच्या मुलींची पानं वेडीवाकडी, हिचं पान सगळ्यांत नेटकं, म्हणून कुणाला शंका आली नाही. पाळी थांबली म्हणजे मेहनत लागू पडली, असं या मुली एकमेकींना सांगतात. खरं तर पोटाला कमी पडतं म्हणून शरीर काटकसर करतं. नडगीच्या हाडालाही बारीकशी चीर गेली आहे. डॉक्टरांनी तीन महिने धावणं बंद केलंय. हाड भरून येईल, वेळेवर कळलं, असं ते म्हणाले.

तू चेहऱ्याचं विचारलंस. गालाची हाडं वर आली आहेत. भोजनगृहाच्या खिडकीतून मला ते रोज दिसत होतं. तिच्याशेजारी जाऊन बसावं, ताटात काय टाकलंय ते बघावं, असं फार वाटायचं. ते बाईंचं काम आहे असं स्वतःला बजावून मी पुढे जायचे.

तुझीच,
धाकटी


१७ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. आ.

खिडकीतून दिसत होतं, हे तुझं वाक्य मला पाठ झालंय. तू मावशी आहेस की दारावरची पहारेकरी? नियम मोडला असतास तर नोकरी गेली असती, एवढंच ना. माझ्याकडे काज-बटणांना माणूस हवाच होता.

तुला बोलून झालं की मग माझाच नंबर लागतो. सहा महिने मी पोरीला आयती उत्तरं पुरवली. तीही मायेने. दोन इंच आत घेतलेली कंबरही माझ्याच हातची. दुसऱ्या कुणाची मुलगी असती, तर मापाची चिठ्ठी बघून मी म्हटलं असतं, अहो, हिला जरा खाऊ घाला.

तिचं सामान बांधून ठेव. मी शनिवारी येते आणि तिला घेऊन जाते.

ताई


२० ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काज-बटणांची नोकरी मंजूर, पण पुढच्या जन्मी. या शनिवारी येऊ नकोस. मी नव्हे, खारू म्हणतेय. ती रोज अर्धा तास बाईंकडे जाऊन बसते. आत काय बोलते ते मला ठाऊक नाही आणि मी विचारणारही नाही. मात्र बाईंच्या संमतीने आता दुपारचं जेवण मी तिच्याबरोबर घेते. आम्ही हवापाण्यावर बोलतो. काल तिने माझ्या ताटातली काकडी न विचारता उचलली.

तिला हाताला धरून आणावंसं तुला वाटतंय, ते मला कळतं. मला तर ती हातभर अंतरावर आहे.

राग उतरला की लिही, नाही उतरला तरी लिही,
धाकटी


३० ऑगस्ट

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुला येऊ नको म्हटलं, त्याचं वाईट वाटलं असेल. बाईंच्या खोलीत दोन खुर्च्या आहेत आणि एक पंखा, तो टकटक करतो. पहिले चार दिवस मी नुसती ती टकटक ऐकत बसले. बाईही ऐकत बसल्या. पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, तारखा का उतरवल्यास? मी म्हटलं, आई इतक्या खात्रीने लिहायची, आणि खरं लिहिलं असतं तर मला धावू दिलं नसतं.

आता जेवते. आधी भीती वाटायची, अजूनही थोडी वाटते. सकाळी बाकीच्या मुली मैदानावर जायला निघतात, तेव्हा बुटांचा आवाज जिन्यावरून खाली खाली जात राहतो आणि मी डोक्यावर पांघरूण ओढते. घराची सगळ्यात जास्त आठवण तेव्हाच येते. तुझं मशीन, कात्री, तोंडात टाचण्या धरून तुझं ते बोलणं.

पण घरी येऊन काय करू? दुकानात प्रत्येक जण विचारतो, या वेळी किती सेकंद. न धावणारी मी कुणी पाहिलेलीच नाही. तूही नाही. मी हे बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, आईलाच विचार. म्हणून विचारते. पंधरा तारखेपासून सुट्टी आहे. येऊ का?

आणि तारखा पाठवू नकोस. आली की मीच लिहीन.

तुझी,
खारू


५ सप्टेंबर

चि. खारूस,
अ. उ. आ.

वर कोपऱ्यात खाडाखोड दिसतेय ना, तिथे अठ्ठावीस दिवस मोजून उद्याची तारीख लिहिली होती. हात सवयीने गेला. पुढच्या पत्रात तीही नसेल.

न धावणारी तू मी पाहिलेलीच नाही, हे तुला कुणी सांगितलं? दीड वर्षाची होईपर्यंत तू चाललीसुद्धा नाहीस. कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसवलं की संध्याकाळपर्यंत तिथेच, मापाची फीत चघळत. लोक म्हणायचे, पोरगी मंद दिसते, डॉक्टरला दाखवा. मावशीला विचार, तिने कुणाकुणाशी भांडण काढलं होतं ते. मी दिवसभर मशीन चालवायचे आणि मान वर केली की तू तिथेच असायचीस. त्या दिवसांइतकं सुख मला पुढे तुझ्या एकाही पदकाने दिलं नाही. हे मी तुला कधी सांगितलं नाही, चूक झाली.

काल समोरच्या औषधांच्या दुकानातल्या काकू ब्लाउज न्यायला आल्या होत्या. तुझी लेक सध्या काय करते, म्हणाल्या. मी म्हटलं, घरी येतेय. इथे काही स्पर्धा आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, नुसतीच येतेय.

वाटेकडे पाहणारी,
आई