आगगाडी होती त्या सिनेमात

५ जानेवारी १९६४, उंद्री
नणंदेला, विमलला, घेऊन खामगावला सिनेमा पाहिला. इंग्रजी. घोडे, बंदुका, नुसती धूळ. या घरातल्या बायकांना देवाचा नाहीतर इतिहासाचा, एवढेच सिनेमे पाहायची मुभा. निघताना मामंजींनी विचारलं, "इतिहासाचा हाय ना?" मी बेधडक हो म्हटलं. विमलनं महिनाभर गळ घातली होती, आणि मलाही जायचंच होतं. मामंजी लगेच, "मंग जा. तू तं इतिहासाची बी.ए."
निम्मे संवाद कळले नाहीत. मजा मात्र आली.

६ जाने.
संध्याकाळी ओट्यावर चार माणसं. मामंजींनी कौतुकानं हाक मारली. "सुनबाई, थो पिच्चर कोनत्या काळचा? पेशवाईच्या आंधीचा का मंगचा?"
काळ विचारतील हे डोक्यातही नव्हतं. "पेशवाईतलाच," म्हणून ठोकून दिलं. मामंजी भलते खूश. शेजारचे नामदेवराव म्हणाले, "मंग आमच्या पोरीलेही दाखवतो."

१० जाने.
नामदेवराव लेकीला घेऊन जाऊन आले. ओट्यावर सगळ्यांसमोर, मोठ्यानं, "काहो आबाजी, पेशवाईत आगगाडी होती काय?" मामंजींना गावात कोणी असं हसल्याचं मी तरी पाहिलं नव्हतं.
मी चुलीपाशी. तव्यावरची भाकरी करपली. आता माझं नाव घेतील. तर म्हणाले, "सुनबाईनं बराबर सांगतलं असंन. माह्याच ध्यानात राह्यलं नाही."
जेवायला बसले तेव्हाही रागाचा शब्द नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. लाज वाटते. फार वाटते.

१२ जाने.
विमलला घेऊन बसले. आठव म्हटलं, काय काय दिसलं. तारेचे खांब. आगगाडी. नायकाच्या अंगात विटका फौजी कोट. खलनायकाचाही फौजीच, पण रंग निराळा, आणि दोघं एकमेकांकडे खाऊ की गिळू असं पाहणारे. लढाई संपली असं कोणीतरी म्हणालं होतं, तेवढं इंग्रजी कळलं होतं.
ट्रंकेतून कॉलेजचं पुस्तक काढलं. गुलामांवरून पेटलेली अमेरिकेतली यादवी, संपली १८६५ ला. म्हणजे त्यानंतरच्या थोड्याच वर्षांतलं. याच लढाईपायी तिकडचा कापूस अडला नि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेगावला आगगाडी आली तीही साधारण तेव्हाच. हे सगळं मला येत होतं! परीक्षेत लिहिलं होतं. ओट्यावर घटकाभर थांबून विचार केला असता तर...
विमल म्हणाली, "वहिनी, बाबाले सारं सांगून टाक." उद्या सांगते म्हटलं.

१३ जाने.
सांगितलं. साल सांगितलं, कापसाचं सांगितलं. मामंजी खुलले. त्यांच्या आजोबांनी त्या कापसावर बैलजोडी घेतली होती म्हणे. बोलता बोलता थांबले.
"मंग थ्या दिवशीही तू हेच सांगतलं होतं?"
मी हो म्हणाले.
का म्हणाले? कोणी गळा धरला नव्हता. जीभ झडली असती तर बरं. विमल ताडकन उठून आत गेली. माझ्याशी बोलणं बंद.

१६ जाने.
कोणाचा बांध कुठवर, कोणती विहीर कोणाच्या वाट्याची, हे गावानं मामंजींना विचारायचं. त्यांचा शब्द म्हणजे संपलं. आज पंच आले होते. चंद्रभागाबाईला नवरा नाही. दीर तिचा विहिरीतला वाटा नाकारतो आहे. भावांची वाटणी झाली तेव्हा हजर असलेल्यांत आता मामंजीच उरलेत. रविवारी येऊन बसतो, तुम्ही सांगा, असं पंच म्हणाले.
मामंजी म्हणाले, "मले नका इचारू. माही याददाश्त गेली. चार दिसाचं राह्यत नाही, थे तं वीस वर्साचं हाय."
सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. मी पाण्याचा तांब्या घेऊन तिथंच उभी.
ह्यांना बुलढाण्याला पत्र टाकावं असं मनात आलं. काय लिहू? तुमच्या वडिलांचं काही गेलेलं नाही, मी घेतलं?

१९ जाने., रविवार
सकाळपासून ओटा भरलाय. मामंजींचं तेच चाललंय, मले आठवत नाही. चंद्रभागाबाईचा दीर म्हणतो, "आबाजी सोताच म्हनतात, मंग आता काय राह्यलं?" ती पायरीवर बसलीय, उठायला तयार नाही. म्हणाली, "तुमचं ध्यान गेलं यावर माहा इस्वास नाही, आबाजी."
मी खोलीत येऊन बसलेय.
विमल दारात आली. सोमवारनंतर आज बोलली.
"वहिनी, बाबा बलावून राह्यले. पंचाले म्हनतात, माह्या ध्यानाचं काय झालं थे सुनबाईले इचारा, थे खोटं नाही सांगनार."
पदर सारखा करून जाते.