अळणी खिचडी

आई,

आज ऑफिसातून जरा लवकर आले. नाशिक रोडच्या या घरात दुपार कलली की स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन तिरपं येतं आणि गॅसवर काही शिजत असलं की वाफ त्या उन्हात तरंगत राहते. तिच्याकडे बघत बसले की मला हटकून चांदवडजवळची आपली शाळा दिसते. शाळेमागचा पत्र्याचा आडोसा, तीन दगडांची चूल आणि तू. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या वाफेत तू अजून पदराने डोळे पुसतेस आणि मी अजून सहावीत आहे.

त्याआधी शाळेत नुसता तांदूळ मिळायचा, आम्ही पिशव्या भरून घरी आणायचो. मग सरकारचा आदेश आला की तांदूळ वाटायचा नाही, शिजवून खाऊ घालायचा. हेडमास्तर आपल्या दारात येऊन म्हणाले, "शिजवायला गरजू घरची बाई घ्यायची आहे. नियमात तुम्हीच बसता." आपण सुरगाण्याकडून कांद्याच्या कामाला आलेली, गावाबाहेर राहिलेली माणसं. नियमात बसत होतो, पण गावाच्या पंगतीत नव्हतो. पहिल्या आठवड्यात अर्धी पोरं घरून डबे घेऊन आली आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला आपल्याकडे पाठ करून जेवली. पातेलं अर्धं उरायचं. पोरं जेवत नाहीत म्हटल्यावर तुझं काम जाणार, हे मलाही कळत होतं. मला भयंकर राग यायचा. तू मात्र उरलेली खिचडी ढवळत राहायचीस.

आणि मग तो दुसरा कागद आला. पोरांच्या आधी रोज एका पालकाने पाळीपाळीने चव घ्यायची. लिहिणाऱ्या साहेबाच्या डोक्यात विषबाधेची भीती असणार, बाकी काही नाही. आपल्या गावात त्याने काय केलं, हे त्याला कधी कळलंही नसेल. पहिली पाळी सरपंचांच्या घरच्या काकूंची. नाकाला पदर लावून त्या आडोशात येतात, चमच्याच्या टोकावर चार शितं घेतात आणि तोंड वाकडं करतात.

"लय अळणी केलं गं. मीठ नाय यात."

"मग टाका ना काकू," तू मिठाचा डबा पुढे करतेस. "तुमच्याच हातानं टाका."

काकू क्षणभर डब्याकडे बघतात. मग मूठभर मीठ टाकतात, पळी मागून घेतात, ढवळतात, पुन्हा चाखतात. आता त्यांना ती वाईट कशी म्हणता येणार? त्या दिवशी त्यांची दोन्ही नातवंडं डबे बाजूला ठेवून आमच्या रांगेत येऊन बसली. दुसऱ्या दिवशी दुसरी बाई आली आणि मीठ पुन्हा कमी निघालं. पावसाळा सरेपर्यंत गावातल्या बहुतेक बायकांचा हात तुझ्या पातेल्यात पडून गेला होता. व्हरांड्याचं दुसरं टोक रिकामं झालं. घरी तर तुझं मीठ कधीच चुकत नसे. मी विचारलं, शाळेतच कसं चुकतं? चुलीत फुंकर मारत तू म्हणालीस, "त्यांना कायतरी बोलायचंच असतं. बोलू दे ना."

आता मी शालेय पोषण आहाराच्याच कामात आहे, हे तुला ठाऊक नाही. मागच्या हिवाळ्यात इथल्या एका हॉटेलात देशोदेशीची माणसं जमली होती. ब्राझीलच्या बाई सांगत होत्या, त्यांच्याकडे शाळेसाठी जवळच्या शेतकऱ्यांकडून माल घ्यावा, असा कायदाच आहे. इंग्लंडच्या बाई म्हणाल्या, एका सरकारने पोरांचं शाळेतलं दूध बंद केलं, त्याचा राग म्हाताऱ्यांच्या मनातून अजून गेलेला नाही. जपानचे गृहस्थ म्हणाले, आमच्याकडे मुलांच्या आधी हेडमास्तर जेवण चाखून बघतात. ते ऐकून मला हसू फुटलं. जेवणानंतर हॉलमध्ये डोळे जड झाले आणि एक भलीमोठी पंगत दिसू लागली, चांदवडपासून समुद्रापार गेलेली. पोरं मांडी घालून बसलेली आणि सरकारं वाढपी होऊन फिरत होती. कुणी भरभरून वाढत होतं, कुणी हात आखडत होतं, कुणी आधी पोराचं तोंड निरखत होतं. तू कुठेतरी मागे होतीस, धुरात.

आणि आता आमच्या ऑफिसात टूम निघाली आहे की विंचूरकडे एकच मोठं स्वयंपाकघर बांधायचं आणि गाड्यांनी गावोगाव डबे पोचवायचे. सगळं स्टीलचं, चकचकीत. गावोगावच्या चुलीपुढच्या बायका घरी. साहेबांना ही कल्पना फार आवडलेली. चुली गावातच ठेवाव्यात असा उलटा प्रस्ताव मी लिहिला, आणि पालकांनी चव घेण्याचं कलम त्यातून मुद्दाम वगळलं. आजच्या बैठकीत साहेबांनी तो वाचला, चष्मा काढला.

"मॅडम, एवढं सगळं लिहिलंत, पण पोरांच्या आधी चव कोण बघणार? गावातले पालक नकोत का?"

"राहिलंच की सर," मी पेन पुढे केलं. "तुम्हीच लिहा ना."

त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. मग पालकांनी वेळेत चव घ्यायची तर चूल गावातच हवी, हे त्यांनीच बाकीच्यांना अर्धा तास समजावून सांगितलं. निदान यंदा तरी चुली राहिल्या. पुढचं सरकार काय करेल, कोण जाणे. मी खाली मान घालून बसले होते, हसू दिसू नये म्हणून. आई, तेव्हा तू मला फार हवी होतीस गं.

हे पत्र कुठे जाणार नाही, मिठाच्या डब्याखाली राहील. एक मात्र तुला सांगते. त्याच आनंदात मघाशी खिचडी टाकली आणि मीठ खरंच विसरले. लेक शिकायला पुण्याला, घरात मी एकटी. पहिला घास घेतला आणि मिठाचा डबा समोर असूनही हात पुढे गेला नाही. कुणीतरी म्हणेल, कमी हाय गं, म्हणून बराच वेळ तशीच बसून राहिले.