देव अजून मांडवातच आहेत

मु. कासू, ता. पेण
वैशाख, १९९६

ती. मोरूदादा यांच्या पायाशी काळुरामचा नमस्कार. वहिनींना रामराम सांगा. कृष्णाबाई मावशींना दोन नमस्कार सांगा, एक मोठ्यानं आणि दुसरा त्याहून मोठ्यानं, म्हणजे निदान एक तरी पोचेल. तुमचा गुडघा कसा आहे? तिकडं वाल यंदा बरा उतरला असं ऐकलं. मला कुणी सांगायची गरज नाही म्हणा, तुम्ही पाठवलेला वालच मी सकाळ-संध्याकाळ खातोय. इकडं सगळी खुशाल आहेत. सगळी म्हणजे पोरं, नमिता आणि मितेश, म्हैस आणि मांडवात बसलेले देव. मी तेवढा खुशाल नाही. तुमची बहीण लग्न अर्धं टाकून माहेरी येऊन बसलीय, तिचे तुम्ही लाड करताय असं कळतं, आणि मला तुमच्याकडून एका शब्दानं कुणी विचारलेलं नाही की काळुराम, बाबा, तू जेवतोस काय. म्हणून आज सगळं पहिल्यापासून लिहितो. जनीनं तिच्या बाजूनं सांगितलंच असेल. ते निम्मं खरं असणार, उरलेलं निम्मं माझ्याकडं आहे.

झालं असं की नमिताच्या पेणच्या कॉलेजातल्या सुरभीबाई एक दिवस खांद्याला टेपरेकॉर्डर लटकवून आमच्या ओटीवर आल्या. बाई मूळ पुण्याच्या, वयानं लहान, बोलायला गोड आणि सुकट खायला आमच्याहून वस्ताद (पुण्याच्या माणसाबद्दल मी हे लिहितोय, यावरून काय ते ओळखा). त्यांना आमची खाडीकाठची बोली टेपमध्ये भरून न्यायची होती. मला आधी पटेना. आम्ही पोरांना शाळेत घालून पुण्याची भाषा आणवली, आणि आता पुण्याची बाई येऊन आमची मागते, ही काय बोहारणीची अदलाबदल आहे? पण बाई म्हणाल्या, जगात अशा लहान लहान बोली पुष्कळ आहेत, त्या एकेक करून विझत चालल्यात, आणि शेजारच्या गावालासुद्धा पत्ता लागत नाही. मी विचारलं, मग शेवटी ती बोलणारा एकच माणूस उरत असेल? हो, म्हणाल्या, उरतो. मी विचारलं, मग तो भांडतो कुणाशी? बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. दादा, तो प्रश्न मलाच मग दिवसभर सोडेना. देवाशी परक्या भाषेत बोलता येईल, साहेबाशी येईल, पण भांडण आपल्याच बोलीत झालं नाही तर माणसाचं पोट भरत नाही.

मग मीही हुरूपानं सांगायला बसलो. जन्म मिठागरात गेला, मुकादमकी केली, मला काय कमी! खाडीचं पाणी आत घेतल्यापासून मीठ धरेपर्यंत आम्ही त्या पाण्याची नावं बदलत जायचो, जशी पोराची बाळ, पोरगा, बाप्या अशी बदलतात. भराभर सांगत गेलो आणि अगदी शेवटी, मीठ धरण्याच्या आदल्या दिवशीच्या पाण्याचं नाव आलंच नाही. पाणी डोळ्यांपुढं आहे, बोट बुडवलं की कसं चिकटतं तेही आठवतंय, नाव तेवढं नाही. जिते गावी जाऊन जुन्या सोबत्याला विचारलं. तो म्हणाला, पाणीच म्हणायचो की. जोहे गावी एक जण गणपतीच्या कारखान्यात रंग द्यायला असतो, तोही आमच्यातलाच. तो तोंडातला ब्रश काढून म्हणाला, होतं खरं कायतरी. मला राग नाही आला, नवल वाटलं (मला राग आला नाही हे जनीला मुद्दाम वाचून दाखवा). शब्द काय खिशातून पडतो? एवढी माणसं रोज तोंडात घेत होती, आणि तो जाताना एकालाही कळू नये? अजून मी भात कालवता कालवता थांबतो आणि वाटतं, आत्ता येईल. येत नाही.

तर सुरभीबाईंना खरे हवे होते धवले, आपली लग्नातली गाणी. त्यांना समजावून सांगावं लागलं की आपल्यात धवलारीण गाऊन देवांना आवतण देते तेव्हा लग्नाला सुरुवात होते, भटजी मागाहून. आमच्या गावात आता धवलारीण म्हणाल तर एक पुतळीआत्या. आणि तिनंही तिची जोडीदारीण बायजा गेल्यापासून तोंड उघडलेलं नव्हतं. हल्लीच्या लग्नांत बेंजो असतो, कुणी तिला बोलवायलाही जात नाही. बाईंनी तिच्यापुढं टेप ठेवला, तिनं त्याच्यावर आपली पानाची चंची ठेवली. म्हणाली, धवला काय असा रिकामा गायचा असतो? लगीन दाखवा, मंग गाईन. बाई म्हणाल्या, आपण खोटं खोटं लग्न मांडू. त्यावर आत्या अशी काही भडकली की त्या बिचाऱ्या टेप घेऊन गोठ्याच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. खोट्या नवऱ्यासाठी खरं देव कसं बोलवू, असं तिचं म्हणणं.

मितेश नवरा म्हणून बसला असता, पण कंपनीत त्याची शिफ्ट, शिवाय आत्ता लग्नाला उभा राहिलो तर पुढं खरी पोरगी कोण देईल, ही त्याला धास्ती. एवढ्यात आत्यानं माझ्याकडं आणि जनीकडं बोट केलं. ह्या दोघांचं कुठं झालंय, म्हणाली. दादा, तुम्हाला आठवतच असेल, आमच्या लग्नात माझ्या बापसानं पेणहून लाऊडस्पीकर आणला आणि धवलारणीला आवतणच दिलं नाही. गाणी वाजतायत की, मग म्हातारीचं काय काम, असं त्याचं मत. पुतळीआत्या ते विसरली नव्हती. इतकी वर्षं आमच्या घरी येते, चहा पिते, पोरांना न्हाऊ घातलं तिनं, आणि मनातून आम्हाला बिनलग्नाची धरून चालली होती! मी म्हटलं, ह्या वयात मुंडावळ्या? लोक काय म्हणतील? पण तुमची बहीण म्हणाली, मी बसते. एवढंच म्हणाली आणि आत जाऊन पेटीतलं लुगडं काढू लागली. मितेशनं कंपनीत रजेचं कारण सांगितलं, बापाचं लगीन हाय. साहेबानं त्याला रजा दिली नाहीच, वर ऊन लागलं असेल म्हणून पाणी पाजून बसवून ठेवला.

मांडव घातला, उंबराची डहाळी बांधली, आम्हाला हळद लावली. गाव लोटला होता. निम्मे हसायला आणि निम्मे जेवायला. सुरभीबाईंनी टेप सुरू केला आणि आत्यानं डोळे मिटून पहिली ओळ टाकली. काय आवाज, दादा! एवढीशी बाई, आणि आवाज पार बांधावर गेला. मग ती थांबली. धवल्याची रीत अशी की एकीनं ओळ टाकायची आणि दुसरीनं झेलायची, झेलल्याशिवाय पुढची टाकता येत नाही. बायजा तर नाही. आत्या डोळे मिटून तशीच वाट बघत राहिली, जशी काही बायजा पाणी प्यायला उठलीय. कुणाला हसू येईना. टेप आपला फिरतोय. आणि माझ्या शेजारून मुंडावळ्यांच्या आतून ओळ आली. जनीनं झेलली. नवरीनं स्वतःच्या लग्नात तोंड उघडायचं नसतं, बायका तोंडावर पदर घेऊन बघू लागल्या, आणि ही आपली मान खाली घालून एकेक ओळ झेलत चालली. इतकी वर्षं ह्या बाईच्या हातचं खाल्लं, दादा, आणि मला माहीत नाही की हिला धवला येतो! नंतर विचारलं तर म्हणते, तुम्ही कुठं विचारलंत. तुमच्या कृष्णाबाई मावशी धवले गायच्या, लहानपणी त्यांच्या मांडीवर लोळून ऐकलेलं होतं म्हणे. मला त्या वेळी काय वाटलं ते लिहून सांगता यायचं नाही, पण नवरी बघून नवऱ्याला जे वाटायला हवं ते मला त्या दिवशी वाटलं, लाऊडस्पीकरच्या लग्नात नव्हतं वाटलं.

मधे सुरभीबाईंनी एका शब्दाचा अर्थ विचारला. आत्या म्हणाली, तुला बोलावलंय काय? ज्याला बोलावलंय त्याला कलतो. असे एकेक देव आले. गणपती, गावदेवी, वेशीवरचे, खाडीतले, मग वाडवडील, त्यात माझा बापूसही आला (तो लाऊडस्पीकर कुठाय म्हणून नक्की शोधत असणार). हळदीचे, तेलाचे, सगळे धवले झाले आणि राहिला शेवटचा, देवांना वाटेला लावायचा. आत्यानं ओळ टाकली. जनी गप्प. पुन्हा टाकली. जनी रडायलाच लागली. शेवटच्या धवल्यापर्यंत ती मांडीवर झोपून जायची, त्यामुळं तो तिनं ऐकलेलाच नाही. आत्याला म्हटलं, तूच झेल की. तर म्हणते, दुसरीच्या तोंडातलं मी कसं घेऊ? बायजाचं बायजाबरोबर गेलं.

तेव्हापासून देव बसून आहेत. ते उठल्याशिवाय मांडव उतरवायचा नाही, घरात मासळी शिजवायची नाही, आणि हळद लागलेल्या नवऱ्यानं वेस ओलांडायची नाही. खाडी समोर, भरतीला मासा उड्या मारतो, आणि मी ओटीवर बसून बिरडं खातो. शेजारच्या शेळ्यांनी मांडवाची एक बाजू खाल्ली. जनी मात्र हळदीच्या अंगाला बाधा नको म्हणून अडकित्ता हातात धरून, मुंडावळ्यांसकट रोह्याच्या गाडीत बसली, मावशीकडून शेवटची ओळ आणायला. ती पण नवरीच ना, मग तिला वेस नाही का, असं मी आत्याला विचारलं. म्हणाली, ती कामाला चाललीय, तू भांडाय जाशील. आता गावातल्या फोनवर जनीचा निरोप येतो की मावशीला ओळ आठवत नाही, आज अर्धी आठवली, उद्या बघू. दादा, मी काय तोवर असाच हळदीत बसू? तिला समज द्या, मावशींना जोर करायला सांगा, आणि ओळ घेऊन पहिल्या गाडीनं तिला लावून द्या. माझी सहनशक्ती संपली आहे. वहिनींना पुन्हा रामराम, पोरांना आशीर्वाद.

आपला मेव्हणा,
काळुराम

ता. क. : जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात. मावशी जात्यावर बसल्या की ओळ येईल असं जनीचं म्हणणं, आणि जातं तुम्ही विहिरीपाशी धुणं आपटायला टाकलंय असं ती म्हणते. ते उचलून आणा, धुवा आणि मावशींपुढं मांडा. भरडायला वाल आहेच.

ता. क. २ : पुतळीआत्याला दमा फार झालाय. पेणच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, आणि बाहेर आल्यावर मला म्हणाला की वयाचं आहे, काही खरं नाही. तरी रोज काठी टेकत येते आणि मांडवात बसते. पाहुण्यांना एकटं कसं टाकू, म्हणते. लग्न चालू आहे तोवर धवला गायला हरकत नाही, असं तिनंच ठरवलंय. दुपारी नमिता आणि शेजारची शांती तिच्यापाशी बसतात. ती टाकते, ह्या झेलतात, चुकल्या की शिव्या देते, आणि मग बराच वेळ खोकते.

ता. क. ३ : पत्र बंद करून पुन्हा उघडलं. काल मी आत्याला म्हटलं, जनी आली की देवांना वाटेला लावू आणि तू मोकळी. ती म्हणाली, व्हय रे, त्यासाठीच थांबलंय, पाहुणं बसलंत तवर बोलावणारीला उठता येत नाय. तर दादा, वर पहिल्या गाडीचं जे लिहिलंय ते वाचू नका. मावशींना घाई करू नका. आज अर्धी आठवली तर उद्या पाव आठवू दे. जनीलाही सांगा, नीट शिक, चुकलीस तर पुन्हा शिक, घरचं मी बघतो. मितेशला पेणला पाठवलाय, मांडवावर घालायला प्लॅस्टिकचा जाड कागद आणायला. मोठा घे म्हटलं, पावसाळा काढायचाय.